लॉगरहेड

दक्षिण कॉर्नवॉल. खाडीच्या वळणावर
ट्रेव्हेला बंधूंची होड्यांची गोदी.
मी आठवड्यासाठी आले आहे, तुंबलेले हिशेब जुळवायला.
पहिल्याच सकाळी केरेन्सा, त्यांची शिकाऊ पोरगी,
किटली ठेवता ठेवता म्हणाली,
"दोघे लॉगरहेडवर आहेत. अकरा महिने झाले."
असं म्हणाली, जसं कुणी सांगावं
की शेजारचे वरच्या आळीत राहायला गेले.

पत्ता आहे, पण गाव कुठलं
हे विचारलं की शब्दकोश चाचपडतो.
लॉगरहेड म्हणजे ठोंब्या, हा जुना अर्थ.
मोठ्या डोक्याचं एक समुद्री कासव, तेही लॉगरहेड.
आणि इथे भिंतीला टेकून उभा आहे तोही:
लांब लोखंडी दांडा, टोकाला नारळाएवढा गोळा.
निखाऱ्यात लाल करून डांबरात बुडवायचा,
डांबर वितळतं, बादलीखाली जाळ लागत नाही.
भांडण पेटलं की खलाशी हेच उचलून
एकमेकांवर धावत असतील, असं म्हणतात.
शपथेवर कुणी सांगत नाही.
नक्की एवढंच, की त्या वाक्प्रचारात
शब्द कायम अनेकवचनी.
एकट्याला तिथे जाता येत नाही.
सोबत लागते.

निमित्त 'मोरवेन्ना'. वडिलांनी बांधलेली,
साठ वर्षं बांगडे आणून दमलेली होडी.
हेडली म्हणाला, फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकायचा, वर डांबर.
डेन्झिल म्हणाला, ट्यूबमध्ये रबर मिळतं,
भरलं की वीस वर्षं बघायला नको.
हेडली म्हणाला, तुला कुठे काय बघायचंय.
तिथे बोलणं संपलं.
तेव्हापासून सगळं केरेन्सामार्फत.
"त्याला सांग, करवत माझी आहे."
तो तीन हातांवर उभा.
केरेन्सा वळते, सांगते, परत वळते.
याचे वेगळे पैसे तिने अजून लावलेले नाहीत.
मी वहीत नोंद करून ठेवली आहे.

कच्च्या वहीत माझे आकडे अजून देवनागरी.
डेन्झिलला आपला वाटा विकायचाय, हजार छत्तीस पौंडांना.
मी ३६ लिहिलं
आणि हसू दाबता दाबता हेडलीला सापडले.
"हे काय?"
म्हटलं, तुमच्याकडे डोक्यावर डोकं आपटतं,
आमच्याकडे भांडण वेगळं बसतं.
हा बघा तीन, हा सहा. पाठीला पाठ.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
कागद खिडकीशी नेला,
लाकडाची गाठ पाहावी तसा पाहत राहिला.
"आणि वळवले तर? तोंडाला तोंड?"
त्रेसष्ट.
"छे," तो म्हणाला. "मग छत्तीसच परवडले."

गुरुवारी उधाणाची भरती होती.
होडी त्याआधी तरंगायला हवी, नाहीतर पंधरा दिवस खोळंबा.
हेडली एकटा. निखारे, बादली, फटी,
आणि हात दोनच.
डेन्झिल आला. हातमोजे आधीच चढवलेले.
तापलेला लॉगरहेड हातातून हातात देता येत नाही,
धरायला दांडाच तेवढा, आणि तो एकाच्याच मुठीत.
हेडलीने तो दगडांवर ठेवला
आणि दोन पावलं मागे झाला.
डेन्झिलने उचलला.
रबरच बरं होतं, हे त्याच्या खांद्यांवर स्पष्ट लिहिलेलं.
डांबर फुसफुसलं. गोदीभर
जळक्या देवदाराचा वास.

"त्याला सांग," डेन्झिल म्हणाला, "पातळ झालंय."
"त्याला सांग, मला दिसतंय," हेडली म्हणाला.

केरेन्सा तिथे नव्हती.
ती केव्हाच जेवायला गेली होती.